महिन्यातून दोनदा

नारिता मित्सुएचं पोट जेवढ्या वेळा तपासलं गेलं तेवढं त्या अख्ख्या गावात कुणाचं तपासलं गेलं नसेल. आकिताच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात एकच प्राथमिक शाळा, आणि त्या शाळेच्या स्वयंपाकघरात मित्सुए सव्वीस वर्षं राबत होती. त्यातली शेवटची अकरा मुख्य म्हणून. तीनशे ऐंशी मुलांचं जेवण करणाऱ्या बायकांपैकी एकीच्या जरी पोटात रोगजंतू असले तरी सगळी शाळा आजारी पडेल, म्हणून नियमाने महिन्यातून दोनदा शौचाची तपासणी. ठरल्या दिवशी आपलं नाव लिहिलेली बोटाएवढी नळी तपकिरी पाकिटात घालून आणायची, कपडे बदलायच्या खोलीतल्या डब्यात टाकायची आणि मगच पांढरा डगला अंगावर चढवायचा. विसरलात तर आल्या पावली घरी. आठवड्याभराने कागद येई, त्यावर सहाही जणींच्या नावापुढे एकच शब्द असे: निर्दोष.

मित्सुएला त्या शब्दाचा अभिमान होता, आणि तो काही उगाच नव्हता. हिवाळ्यात सगळं गाव लिंबू पिळून कच्ची कालवं खाई; हिने सव्वीस वर्षांत एक तोंडात घातलं नव्हतं. घरी नवऱ्याला, तोकुओला, साधी सर्दी झाली तरी त्याचं अंथरूण दुसऱ्या खोलीत जाई. बाई तोंडाने फटकळ होती, पण मुलं तिला घाबरत नसत. भात संपवणाऱ्याला ती खिडकीतून डोळा मारी आणि गाजर बाजूला काढणाऱ्याचं नाव घेऊन हाक मारी.

गावचं आरोग्य खातं चाळिशीपुढच्या प्रत्येकाला वसंतात एक पाकीट पाठवी. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची चाचणी. आत दोन नळ्या, दोन वेगळ्या दिवसांच्या नमुन्यांसाठी. मित्सुएचं पाकीट दरवर्षी न उघडता केराच्या डब्यात जाई. ती म्हणे, सरकारला माझ्या शौचाचं एवढं काय वेड लागलंय कळत नाही, शाळेतही मागतात आणि घरपोचही मागतात. बायका पोट धरून हसत. महिन्यातून दोनदा जिचं पोट निर्दोष ठरतं तिने वर्षातून एकदाच्या चाचणीची काय फिकीर करायची, हे सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं. कशापासून निर्दोष, हे त्या कागदावर कुणी लिहिलं नव्हतं, आणि विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मला विचाराल तर राग येतो तो याचाच. सव्वीस वर्षं एका बाईला कागद पाठवता, मग एक ओळ जास्त लिहायला काय जात होतं?

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, काम सुरू व्हायच्या आधी, कुदो सायो कपडे बदलायच्या खोलीत मित्सुएजवळ येऊन उभी राहिली. सायो म्हणजे स्वयंपाकघरातली दोन नंबरची. वय एकोणपन्नास, आवाज हळू, हात मात्र असा की शंभर माशांचे काटे काढील आणि एक राहू देणार नाही. वीस वर्षं दोघी एकाच चुलीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. सायो खाली बघत म्हणाली की दोन-तीन आठवडे शौचानंतर पुसायच्या कागदाला लाल लागतंय, तर यंदा ते गावचं पाकीट भरून द्यावं की काय.

मित्सुएने हे हळूच ऐकून हळूच उत्तर दिलं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण तिने डगल्याची बटणं लावत सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला.

"अगं, परवाच निर्दोष आलीयेस की तू. मूळव्याध आहे ती. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांना होतेच. हिरव्या झाकणाचं मलम मिळतं औषधाच्या दुकानात, ते लाव आणि त्या पाकिटाचा नाद सोड."

चौघी हसल्या. सायोही हसली, "हो चीफ" म्हणाली, आणि कोबी चिरायला गेली. पुढच्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी म्हणून तिने दोन दिवस रजा घेतली. परत आली ती नेहमीसारखीच होती. लग्नाची मिठाई मात्र आणली नाही म्हणून मित्सुएने तिला दिवसभर चिडवलं.

त्याच्या पुढल्या वर्षी शरदात मित्सुएला स्वतःला रक्त दिसलं. ते लाल नव्हतं, काळपट होतं आणि शौचात मिसळलेलं होतं. तिने हिरव्या झाकणाचं मलम आणलं आणि शाळेतल्या आपल्या कप्प्यात ठेवलं. मग कधी चार दिवस पोट साफ होईना, तर कधी दिवसातून चारदा पळावं लागे. जे होई ते बारीक, करंगळीएवढं. डगल्याखालची पँट सैल झाली तेव्हा तिला बरंच वाटलं; दहा वर्षं जे वजन उतरत नव्हतं ते आपोआप उतरत होतं. भाताचं पातेलं उचलताना धाप लागायची, ते तिने वयावर ढकललं. एकेक गोष्ट तिने अशी निकालात काढली. आणि महिन्यातून दोनदा कागद येतच होता: निर्दोष.

यंदाच्या जानेवारीत एका सकाळी तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि हिरवी उलटी झाली. तोकुओ दरवाजे-खिडक्या बनवणारा सुतार, बोलायला अगदी कंजूष. त्याने एक शब्द न बोलता तिला गाडीत घातलं आणि बर्फातून दीड तासावरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. आतडं जवळजवळ बंद झालं होतं. डाव्या बाजूला खाली, मोठ्या आतड्याच्या वळणावर, गाठीने सगळी वाट अडवली होती. दुर्बीण तिच्यापलीकडे जाईना.

डॉक्टर तरुण होता. कागदावर एकेक गोष्ट लिहून घेत त्याने विचारलं की शौचाची तपासणी याआधी कधी केली होती का.

"महिन्यातून दोनदा," मित्सुए म्हणाली. "सव्वीस वर्षं."

डॉक्टरचा हात थांबला. आधी त्याला वाटलं बाईंना ताप चढलाय. मग तोकुओने शाळेच्या स्वयंपाकघराचं सांगितलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आणि बिचाऱ्याने मान खाली घातली.

"नारिता-सान, त्या नळीत जंतू शोधतात. रक्त शोधत नाहीत. रक्त शोधायची चाचणी म्हणजे गावाकडून पाकीट येतं ना, ती."

मित्सुएला त्या क्षणी मरणाची भीती वाटली नाही. तिला लाज वाटली. सहाशेच्या वर नळ्या तिने स्वतःच्या हाताने भरून दिल्या होत्या, त्यातल्या एकीलाही जे विचारायला हवं होतं ते कुणी विचारलं नव्हतं. आणि जिला ते विचारलं गेलं असतं ती नळी तिने दरवर्षी केरात टाकली होती. लाजेपाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सायो.

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं. गाठीसकट वीतभर आतडं काढलं, उरलेल्याचं तोंड पोटाच्या डाव्या अंगाला बाहेर आणून त्यावर पिशवी लावली. यकृतावर डाग होते, एक-दोन नव्हे, दोन्ही बाजूंना. ते कापता येण्यासारखे नव्हते. डॉक्टर म्हणाला की केमोने ते लहान झाले तर पुढचा विचार करू. या रोगाची सुरुवात आतड्यातल्या लहानशा मांसाच्या कोंबापासून होते आणि कोंबाची गाठ व्हायला पुष्कळ वर्षं लागतात, हे त्याने समजावून सांगितलं. तेवढ्या वर्षांत केव्हाही दुर्बीण घातली असती तर तो कोंब तिथल्या तिथे काढून टाकता आला असता. म्हणून रक्ताच्या नात्यातल्यांनी लगेच तपासून घ्यावं, असंही त्याने बजावलं.

मित्सुएने इस्पितळाच्या पलंगावरूनच दूर चिबात राहणाऱ्या मुलाला फोन लावला. तो बत्तीस वर्षांचा, कामं आहेत, पुढच्या महिन्यात बघू, म्हणायला लागला. तिने त्याला असं झापलं की त्याच आठवड्यात त्याने तपासणी करून घेतली आणि काही नसल्याचं कळवलं. पोटच्या पोराला झापणं सोपं होतं. सायोला तेच सांगायचं म्हणजे आधी स्वतःचा रोग सांगायला हवा आणि मग, मी तुला चारचौघींत खोटं सांगितलं, हे कबूल करायला हवं. मित्सुएने शाळेत कळवलं ते पित्ताशयात खडे झाल्याचं.

खोटं बोलायला कारण नव्हतं असं नाही. मुलांचं जेवण करणाऱ्या बाईच्या आतड्यात रोग आहे हे गावात फुटलं असतं तर काय झालं असतं, ते त्या गावात राहणाऱ्यालाच कळेल. कॅन्सर संसर्गाने होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरीही दुसऱ्या दिवशी चार आया मुलांना घरून डबा देतात. निदान मित्सुएने स्वतःची अशी समजूत घातली होती. शाळेचं नाव, स्वयंपाकघराचं नाव, असं ती नवऱ्याला सांगे. स्वतःचंही नाव त्यात होतं, ते ती वगळून टाके.

मार्चपासून केमो सुरू झाला. दर दोन आठवड्यांनी शहरात जायचं, छातीत बसवलेल्या नळीतून औषध घ्यायचं आणि औषधाची बाटली कमरेला बांधून दोन दिवस घरी काढायचे. पुन्हा महिन्यातून दोनदा. त्या औषधाने बोटांना गार काही सोसेना. नळाच्या पाण्याखाली हात गेला की सुया टोचल्यासारखं होई. दाराची कडी, चमचा, फ्रिजमधली मिसोची बरणी, सगळं हातमोजे घालून धरावं लागे. सव्वीस वर्षं जिने बर्फाच्या दिवसांत थंड पाण्याखाली पालेभाजी धुतली तिला आता घोटभर गार पाणी पिता येत नव्हतं. तोकुओ सकाळी उठून पाणी कोमट करून ठेवी. पिशवी बदलताना पहिल्या दिवशी तो बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आत राहिला, आणि तिसऱ्या दिवसापासून तिच्या चिकट चकतीचं भोक त्याने सुताराच्या मापाने बरोबर कापून द्यायला सुरुवात केली.

सायो दर पंधरा दिवसांनी भेटायला येई. मित्सुएच्या जागी आता तीच मुख्य होती. मुलांनी काढलेली चित्रं, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं, स्वयंपाकघरातल्या बातम्या, असं घेऊन ती कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घालून बसे. नवीन कढईला हात कसा भाजला, मुख्याध्यापक मुलांच्या आधी चव घ्यायला येतात तेव्हा आता दुसऱ्यांदा कसे मागून घेतात, ते सांगे. मित्सुए ऐकत नसे. ती सायोचा चेहरा बघत असे. फिकट झालाय का? गालफडं बसलीत का? आज धाप लागली का तिला पायरी चढताना? रक्त येतंच आहे का अजून? तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत आपल्या पोटात काय झालं ते मित्सुएला ठाऊक होतं.

"सायो," ती एकदा म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? तुम्ही तुमचं बघा, चीफ. खडे निघाले ना सगळे?"

"निघाले."

आणि तिथेच गाडी अडली. सायो गेल्यावर मित्सुए रजईत तोंड खुपसून रडली. फोन तर तिने कितीदा हातात घेतला. एकदा घंटी वाजलीसुद्धा, सायोचं "हॅलो" ऐकू आलं, आणि मित्सुएने विचारलं की सोयाबीनची पोती कुणाकडून घेता सध्या. मनात ती रोज ठरवी की पुढच्या औषधानंतर सांगू, अंगात जरा त्राण आलं की सांगू. त्राण काही येत नव्हतं. औषधाचे दिवस जात होते आणि सायोच्या पोटात, मित्सुएच्या मते, ते वाढत होतं. एखादा माणूस रेल्वेच्या रुळावर पाठ करून उभा आहे, आपल्याला गाडी दिसते आहे आणि आपल्या तोंडून आवाज फुटत नाही, असे पाच महिने तिने काढले. आजाराने जेवढं खाल्लं त्याहून जास्त तिला या गप्प बसण्याने खाल्लं, असं तोकुओ पुढे म्हणाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात स्कॅन झाला. यकृतावरचे डाग लहान झाले नव्हते, दुप्पट झाले होते. डॉक्टरने दुसऱ्या औषधाचं नाव सांगितलं आणि त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये हेही सांगितलं. किती दिवस, असं मित्सुएने विचारलं. कदाचित हिवाळ्यापर्यंत, तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर भातखाचरांत नुकती लावणी झालेली होती, सगळीकडे पाणी चमकत होतं. तोकुओने गाडी मध्येच बाजूला घेतली, कारण त्याला पुढचं दिसेना. मित्सुए मात्र रडत नव्हती. तिने त्याला तेव्हा पहिल्यांदा सायोचं सगळं सांगितलं. तो मे महिना, ते मलम, ते चौघींचं हसणं.

तोकुओने बाहीने डोळे पुसले.

"मग सांगितलं का नाहीस तिला?"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"तोंडाचं काय घेऊन बसलीस. पोट तिचं आहे."

आयुष्यात त्याने तिला सुनावलेलं असं ते एवढंच. रविवारी सकाळी तिला कोट चढवून, हातमोजे घालून, तो सायोच्या घरी घेऊन गेला आणि स्वतः बाहेर गाडीत बसून राहिला.

सायो ओसरीवर वर्तमानपत्र पसरून डोंगरातले बारीक बांबूचे कोंब सोलत बसली होती. मित्सुएला फाटकातून येताना बघून ती धडपडत उठली, अहो मी आलेच असते की, म्हणत तिला हाताला धरून आत घेऊन आली. सासू आत टीव्ही बघत होती, तिचं दार सायोने ओढून घेतलं. चहा पुढे आला. मित्सुएने पेल्याला हात लावला नाही. चहा घेतला असता तर ती पुन्हा सोयाबीनवर गेली असती.

तिने कोट बाजूला केला, सदरा वर केला आणि पिशवी दाखवली.

"खडे नव्हते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. यकृतात गेलाय. मी जगणार नाही." हे ती एका दमात म्हणाली आणि थांबली नाही. "मी तुला तीन वर्षांपूर्वी चुकीचं सांगितलं, सायो. महिन्यातून दोनदा जी देतो ती जंतूंची तपासणी, त्यात रक्त बघतच नाहीत. तुला रक्त जात होतं आणि मी तुला मलम लावायला सांगितलं. जानेवारीपासून मला हे माहीत आहे. मी सांगितलं नाही. मला लाज वाटत होती. उद्याच्या उद्या रजा टाक आणि दुर्बीण घालून घे. मी तुझे पाय धरते."

तिने खरंच चटईवर हात टेकले. सायोने ते उचलले नाहीत. सायोचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी केलीय," सायो म्हणाली.

"काय केलंयस?"

"तपासणी. तेव्हाच. तुम्ही नको म्हणालात त्याच आठवड्यात मी पाकीट भरून पाठवलं. दोन्ही नळ्यांत रक्त निघालं. जूनमध्ये शहरात जाऊन दुर्बीण घालून घेतली."

"जूनमध्ये तू भाच्याच्या लग्नाला गेली होतीस."

"भाचा अजून बिनलग्नाचाच आहे, चीफ." सायोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तसाच हळू होता. "आदल्या दिवसापासून ते जुलाबाचं पाणी पिऊन पिऊन पोट साफ केलं. एक कोंब निघाला, अंगठ्याच्या पेराएवढा. तिथेच तारेच्या फासाने कापला, मला दुखलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन वर्षं राहिला असता तर कॅन्सर झाला असता. आता दरवर्षी जाऊन येते."

मित्सुएच्या जिवात जीव आला. आधी तेवढंच झालं; तिला हसू फुटलं, दोन्ही हातांनी तिने सायोचे खांदे धरून हलवले, वाचलीस, वाचलीस, असं म्हणत राहिली. पाच महिने छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी एका झटक्यात उचललं होतं. ही बाई धडधाकट होती, लेकीसुनांचं बघायला होती, कोंब सोलायला बसली होती. आपल्या हातून कुणी मेलं नाही.

मग हळूहळू तिचे हात खाली आले. तीन वर्षांपूर्वीचा जून. आपल्याला रक्त दिसलं ते त्याच्या पुढल्या वर्षीच्या शरदात. मधे सव्वा वर्ष होतं, आणि ते सगळं वर्ष ही बाई चुलीच्या पलीकडे, चार हातांवर उभी होती.

"मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

सायोने मान हलवली.

"आणि नंतर? मला त्रास व्हायला लागल्यावर? तुला कळलं नसेल."

सायो गप्प राहिली असती तर ते सरून गेलं असतं. पण ती खोटं बोलली नाही. तेवढं तिच्या पदरात घालायला हवं.

"कळलं होतं. तुमच्या कप्प्यात हिरव्या झाकणाची ट्यूब दिसली होती मला. दोनदा तोंडाशी आलं. एकदा तर तुमच्या मागोमाग गाडीपर्यंत आले होते. पण तुम्ही मोठ्या. चारचौघींत तुम्ही बोलला होतात. तुमचं ऐकलं नाही आणि वर तुम्हालाच चुकीचं ठरवायचं, ते मला जमलं नाही. वाटलं, तुम्हाला खरंच मूळव्याध असेल."

एवढं बोलून तिने कपाळ चटईला टेकवलं आणि माफी मागितली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बाहेर तोकुओने गाडीची काच खाली केल्याचा आवाज आला.

मित्सुए तिच्या पाठीकडे बघत होती. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते तिला माहीत होतं. असू दे, तुझा काही दोष नाही, असं म्हणून उठवायचं. माणसं जन्मभर तेच म्हणतात. तिला संताप आला होता. एक वाक्य. कपडे बदलताना, मासे धुताना, एवढीशी कुजबुज. तेवढ्यासाठी आपण मरतोय. आणि त्याच संतापात तिला हेही दिसत होतं की पाच महिने आपण नेमकं तेच केलं. सायो आपल्या सांगण्यावर विसंबली असती तर आज ओसरीवर कोंब सोलत बसली नसती. मान राखायला ती गप्प बसली, मान जायला नको म्हणून आपण गप्प बसलो. तिने असू दे म्हटलं नाही.

"सांगायला हवं होतंस तू मला," ती म्हणाली.

"हो," सायो जमिनीकडे बघत म्हणाली.

"ऊठ. बाकीच्या चौघींना काय सांगितलंयस तू?"

काहीच सांगितलं नव्हतं. चौघीही चाळिशीपुढच्या होत्या, चौघींनी तीन वर्षांपूर्वी हसून मान डोलावली होती, आणि चौघींची पाकिटं दर वसंतात केरात जात होती. त्यांतली सगळ्यात मोठी बाई गेला हिवाळाभर लोहाच्या गोळ्या घेत होती, डॉक्टरने रक्त कमी सांगितलंय म्हणून. हे सायोच्या तोंडून निघालं मात्र, आणि ते रक्त कुठे जात असेल ते दोघींच्याही लक्षात आलं.

"उद्या सांगायचं," मित्सुए म्हणाली. "डगले घालायच्या आधी. एकदा कढया तापल्या की कुणाला काही ऐकू जात नाही. तुझंही सांगायचं आणि माझंही."

"तुमचंही? गावात होईल सगळीकडे. पालक काय म्हणतील—"

"म्हणू देत. मी आले असते, पण मला आता तेवढा वेळ उभं राहवत नाही. तू कशी सांगणार आहेस ते मला आत्ता म्हणून दाखव."

सायोने डोळे पुसले, पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली. पहिल्यांदा आवाज इतका बारीक निघाला की मित्सुएने पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा सायोने आपलं सगळं सांगितलं, रक्त, पाकीट, फास, कोंब. मग म्हणाली की आपली महिन्यातून दोनदाची तपासणी जंतूंची असते, तिच्यावर विसंबू नका, या आठवड्यात पाकीट भरून पाठवा. आणि चीफच्या आतड्याला कॅन्सर झालाय, त्यांच्यावर उपचार चालू आहेत.

"पुढे," मित्सुए म्हणाली.

"पुढे काय?"

"उपचार चालू आहेत म्हटलंस तर त्या म्हणतील, बऱ्या होतील. पाकिटं पुन्हा केरात जातील. पुढचं म्हण."

सायोचे ओठ हलले, आवाज आला नाही. आतल्या टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

"चीफ जगणार नाहीत," सायो म्हणाली.

"मोठ्याने."

"चीफ जगणार नाहीत."

"बरोबर," मित्सुए म्हणाली. "आता पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हण."